टोकियोचं कॉमिकेट: गर्दीला घाबरणाऱ्या फॅनचा रिव्ह्यू

आधी एक गोष्ट क्लिअर करते. कॉमिकेट म्हणजे अमेरिकेतल्या कॉमिक कॉनसारखं काहीतरी असणार, स्टेजवर मोठमोठे स्टार येणार, ट्रेलर दाखवणार आणि आपण खाली बसून किंचाळायचं, असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. ही फॅनांनी स्वतः काढलेल्या पुस्तकांची जत्रा आहे. इथे फोल्डिंगची लांबच लांब टेबलं असतात, प्रत्येक टेबलाच्या अर्ध्या भागावर कुणीतरी स्वतः काढलेली, स्वतः लिहिलेली, स्वतःच्या पैशानं छापलेली पुस्तकं मांडून बसलेलं असतं आणि आपण जाऊन ती चाळायची, आवडली तर विकत घ्यायची. बास. आणि एवढ्यासाठी दिवसाला सव्वा-दीड लाख माणूस टोकियोच्या खाडीत भर घालून केलेल्या जमिनीवर येऊन उभा राहतो. मला विचाराल तर वर्थ आहे, पण कसं जायचं यावर सगळं आहे, म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू.

मी पुण्याची, जपानीही पुण्यातच शिकले, जपानीच्या परीक्षेची एन टू लेव्हल पास झाल्यावर आयटीतल्या नोकरीनं इकडे आणलं आणि आता टोकियोतल्या निशिकासाईला राहते (जिथे लिफ्टमध्ये जपानीपेक्षा मराठी, तेलुगू आणि तमिळ जास्त कानावर पडतं). कॉलेजात असल्यापासून मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स वाचायचं वेड आणि क्लासमध्ये आम्हा सगळ्यांचं एकच स्वप्न की एकदा तरी कॉमिकेटला जायचं. आणि मग प्रत्यक्षात टोकियोत आल्यावर काय, तर आज नाही पुढच्या वेळी, यंदा फार ऊन आहे, यंदा सोबत कुणी नाही. खरं कारण म्हणजे भीती वाटायची. यूट्यूबवर त्या लाइनींचे वरून काढलेले व्हिडिओ बघितलेत का कधी? पूर्ण चौक भरलेला, माणसंच माणसं, आणि सगळी शांत, ते शांत असणं बघूनच जास्त टेन्शन येतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, अगं गणपती बघायला तू लक्ष्मी रोडला येत नाहीस आणि तिकडे कुठे मरायला जातेस. मुद्दा बरोबर होता, काय बोलणार.

आता हे प्रकरण आहे काय ते जरा सांगते, कारण माहिती असेल तर भीती निम्मी होते. पहिलं कॉमिकेट झालं 21 डिसेंबर 1975 ला, टोकियोतल्याच एका सभागृहात, 32 सर्कल आणि आलेली माणसं साधारण 700, त्यातही शाळेतल्या मुलींचा भरणा, शोजो म्हणजे मुलींसाठीच्या मांगाच्या फॅन. सर्कल म्हणजे पुस्तक काढणारा ग्रुप, कधी पाच जणांचा तर कधी एकट्याचाच. तिथून वाढत वाढत 2019 च्या डिसेंबरात चार दिवसांत साडेसात लाखांपर्यंत गेलं, मग कोरोनात बंद पडलं, 2021 च्या शेवटी आकडा कमी ठेवून परत सुरू केलं आणि आता वर्षातून दोनदा दोन-दोन दिवस असतं, एकदा ऑगस्टमध्ये ओबोनच्या (पूर्वजांच्या सणाच्या) सुट्टीच्या आसपास आणि एकदा वर्षाच्या अगदी शेवटी. 2024 च्या ऑगस्टमध्ये दोन दिवसांचे मिळून 2 लाख 60 हजार आणि त्याच डिसेंबरात 3 लाख. जागा टोकियो बिग साइट, अरिआके भागातलं मोठं प्रदर्शन केंद्र. 1996 पासून तिथेच. उलट्या पिरॅमिडांची ती बिल्डिंग फोटोत बघितली असेलच, आणि बाहेर जमिनीत घुसलेली लाल मुठीची भलीमोठी करवत आहे, क्लेस ओल्डनबर्ग आणि कोशा व्हान ब्रुगेन या दोघा शिल्पकारांनी केलेली. भेटायची जागा म्हणून मात्र ती ठरवू नका, सगळं जग तिथेच भेटतं.

आपल्याकडे साठच्या दशकात मुंबईत पोरं स्वतःच सायक्लोस्टाइल करून अंक काढायची, लघुनियतकालिकं, कुणी प्रकाशक नको आणि कुणाची परवानगी नको. मला पहिल्यांदा हॉलमध्ये शिरल्यावर तेच आठवलं. फरक एवढाच की इथे तसले अंक काढणारे दिवसाला दहा हजारांच्या आसपास आणि त्यांना बसायला नंबर टाकलेलं टेबल. टेबलही मागितलं की मिळालं असं नसतं, अर्ज करायचा आणि नंबर लागला तर लागला.

तिकिटाचं सांगते. पूर्वी फुकट होतं, कुणीही या. आता मनगटाला बांधायचा रिस्टबँड आधी विकत घ्यावा लागतो आणि त्यात वेळेप्रमाणे प्रकार आहेत: सगळ्यांच्या आधी आत जाणारे, मग सकाळचे, मग दुपारचे. लवकरचा महाग, दुपारचा स्वस्त. जास्त पैसे टाका आणि आधी जा हे मला तत्त्व म्हणून पटत नाही, फॅनांच्या फॅनांसाठीच्या जागी तर अजिबात नाही, पण गर्दीचं गणित बघितलं तर दुसरा उपाय काय हेही सुचत नाही. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यानं दुपारचाच घ्यावा. तुमच्या जपानी मित्रांपैकी जे मुरलेले आहेत ते म्हणतील छे छे, दुपारी काय उरतं. उरतं, भरपूर उरतं, त्यावर खाली येतेच.

दुपारची एंट्री घेतली की सकाळची ती व्हिडिओतली लाइन तुमच्या वाट्याला येतच नाही. निशिकासाईकडून येणाऱ्यांनी शिनकिबाला यायचं आणि रिंकाई लाइननं दुसरंच स्टेशन, कोकुसाई-तेन्जिजो. ट्रेनमधून उतरल्यापासूनच तुम्ही लाइनीत असता असं समजा, कारण सगळे त्याच दिशेनं चाललेले असतात आणि रस्ता विचारायची गरजच पडत नाही. रात्रभर मुक्काम करून लाइन लावायला बंदी आहे, धावायला बंदी आहे. हे सगळं सांभाळणारे लोक पगारी नसतात हो, हजारो व्हॉलंटिअर आहेत, सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून सुट्टीत येतात. त्यांच्या अनाउन्समेंट ऐकण्यासारख्या असतात, कुणी गंभीर आवाजात जोक मारतं आणि पूर्ण लाइन खुदकन हसते. इथला एक नियम आधी समजून घ्या: ग्राहक असा इथे कुणी नाही. विकणारा, घेणारा, लाइन लावणारा, सगळे सारखेच भाग घेणारे, त्यामुळे 'मी पैसे दिलेत, मला सर्व्हिस द्या' हा सूर चालत नाही. मला सुरुवातीला हे जरा पुस्तकी वाटलं होतं पण याचा अनुभव लगेच येतो. लोकप्रिय सर्कलची लाइन असेल तर सगळ्यात शेवटचा माणूस हातात पाटी धरून उभा असतो, 'साइकोबी' लिहिलेली, लाइनीचं शेवटचं टोक इथे आहे म्हणून. तुम्ही त्याच्या मागे जाऊन उभे राहिलात की तो वाकून ती पाटी तुमच्या हातात देतो. मग तुम्ही पाटीवाले. मग पुढचा येतो, त्याला तुम्ही देता. कुणी सांगायला नको, कुणी ओरडायला नको. लोकांची भीती वाटणाऱ्या माझ्यासारखीला तर हे औषधच आहे, कारण तिथे पोचल्यावर पाचव्या मिनिटाला तुमच्याकडे एक काम असतं आणि तुम्ही परके राहत नाही.

ऊन मात्र खरंच घाबरण्यासारखं आहे, तिथे मी कुणाला खोटा दिलासा देणार नाही. ऑगस्टमधला टोकियो म्हणजे 35 डिग्री आणि हवा अशी दमट की मुंबईचा ऑक्टोबर बरा. लाइन उघड्यावर, सावली नाही. 2013 च्या उन्हाळ्यात तीन दिवसांत 5 लाख 90 हजार लोक आले होते आणि हॉलच्या छताखाली लोकांच्या घामाच्या वाफेचं चक्क धुकं जमलं होतं, त्याला लोक अजून कॉमिकेटचा ढग म्हणतात. ऐकायला गंमत वाटते पण उष्माघातानं माणसं आडवी होतात ही गंमत नाही. दोन बाटल्या पाणी, त्यातलं एक लिंबू-साखर-मिठाचं घरून करून नेलेलं, टोपी, ओला टॉवेल. छत्री लाइनीत उघडू नका, शेजाऱ्याच्या डोळ्यात जाते. डिसेंबरात उलटं, खाडीवरून वारा असा येतो की कानाच्या पाळ्या जाणवत नाहीत, तिथे कायरो म्हणजे खिशात ठेवायच्या गरम पुड्या घ्या, कोणत्याही कोम्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, मिळतात. माझं म्हणाल तर डिसेंबर. थंडीत कपडे चढवता येतात, उन्हात किती काढणार.

खाण्याचं शाकाहारी लोकांनी स्वतःचं स्वतः बघायचं. कोम्बिनीतल्या साध्या दिसणाऱ्या ओनिगिरीतही (भाताच्या गोळ्यात) माशाचा अर्क असू शकतो, लेबल वाचायचं धैर्य त्या गर्दीत होत नाही. मी दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी नेते. भिंतीला टेकून उभ्याउभ्या खाल्ली, शेजारी एक मुलगी हा वास कसला म्हणून बघत होती, तिला अर्धी दिली, ती खोकली आणि परत मागितली.

आता दुपारी काय उरतं त्याबद्दल. हॉलमध्ये दोन जगं असतात. भिंतीला लागून, शटरच्या जवळ, फेमस सर्कल बसवलेली असतात कारण त्यांच्या लाइनी शटरमधून बाहेर सोडता येतात. त्यांची नवी पुस्तकं दुपारपर्यंत संपू शकतात, खरंय. ती हवीच असतील तर सकाळची एंट्री, दोन-तीन लाइनी, आणि दिवस संपला. पण हॉलच्या मधोमध टेबलांच्या ज्या रांगा असतात, ज्यांना इथले लोक बेटं म्हणतात, तिथे चारपर्यंत पुस्तकं असतात आणि तिथे माणसं तुमच्याशी बोलतात. यातल्या कित्येकांनी शे-दीडशेच प्रती छापलेल्या असतात, पैसे मिळवायला नाही, बहुतेकांचे छपाईचेही सुटत नाहीत. आणि सगळा मांगाच असतो असंही नाही! माहिती आणि समीक्षा असा वेगळा विभाग आहे, तिथे मी तास न् तास काढू शकते. कुणी मॅनहोलच्या झाकणांवर पुस्तक केलंय, कुणी बंद पडलेल्या व्हेंडिंग मशीनवर, कुणी आपल्या गावातल्या करी खाण्याच्या सगळ्या जागांवर, नकाशासकट.

तिथेच एक साठीच्या पुढचे आजोबा बसले होते, समोर पातळ पुस्तिका, कव्हरवर छोटं इंजिन आणि मागे लाल माती. मला तो रंग बघूनच वाटलं, हे आपल्याकडचं आहे. नेरळ-माथेरान! दोन फुटी गेजची, 1907 पासूनची आपली टॉय ट्रेन. हा माणूस रेल्वेचा फॅन, पावसाळ्याच्या आधी जाऊन वळणं न् वळणं फोटोत पकडून आलेला, गाडीच्या डब्यांची मापं हातानं काढलेली. मी म्हटलं मी तिथलीच, म्हणजे त्या बाजूची, तर ते उठून उभेच राहिले. मग त्यांनी एक फोटो उघडला, स्टेशनच्या पाटीचा, आणि विचारलं की हे देवनागरीत लिहिलेलं नीट कसं म्हणायचं. जुम्मापट्टी. ते तीन-चार वेळा म्हणाले, 'ट्टी'वर अडकत होते, मग पेन्सिलीनं समासात काताकाना या जपानी लिपीत लिहून घेतलं आणि म्हणाले पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो. पुढच्या आवृत्तीत! एका स्टेशनच्या उच्चारासाठी. मी पुस्तिका घेतली, त्यांनी पोस्टकार्डं फुकट दिली, आणि मला हे सगळ्यात मोठ्या आवाजात सांगायचंय की हा माणूस भिंतीच्या लाइनीत भेटला नसता.

बेटांवर वागायचं कसं, तर आधी विचारायचं, 'मिते मो ई देस का', बघू का म्हणून, ते हो म्हणतात, तुम्ही चाळता, आवडलं तर 'इस्सात्सु कुदासाई', एक द्या, नाही आवडलं तर थँक्यू म्हणून ठेवून द्यायचं, कुणी वाईट वाटून घेत नाही. एन फाइव्हचं, म्हणजे सगळ्यात खालच्या लेव्हलचं, जपानी पुरतं. मला तर हे भाषेच्या परीक्षेपेक्षा कामाचं वाटलं, पुण्यात जपानी शिकणाऱ्या पोरांना सांगते, इथे एका दुपारी जेवढं बोलाल तेवढं क्लासमध्ये सहा महिन्यांत होत नाही. पैसे सुट्टे हवेत, 100 आणि 500 येनची नाणी, हजारच्या नोटा. दहा हजारची नोट काढलीत तर समोरच्याचा चेहरा बघवत नाही, जपानी माणूस काही बोलणार नाही पण पार गोंधळून जातो. कार्ड विसरा.

बायकांचा प्रश्न, जो मला मेसेजमध्ये सगळ्यात जास्त विचारतात. एकटीनं जावं का? जावं. कॉमिकेट सुरूच मुलींनी झालंय म्हटलं तरी चालेल आणि आजही टेबलामागे बायका भरपूर, पूर्ण हॉल त्यांचे असतात. अडल्ट पुस्तकं आहेत, खूप आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. ती कोणत्या दिवशी कुठल्या भागात आहेत हे कॅटलॉगवर कळतं, वय विचारतात, विकत घ्यायला 18 पूर्ण असावी लागतात. पण मोठी पोस्टरं लावलेली असतात आणि चालताना नजर जाते, त्यामुळे सासूबाईंना किंवा लहान भाच्याला घेऊन यायचा प्लॅन असेल तर आधी नकाशा बघून रस्ता ठरवा किंवा सरळ येऊ नका. मला स्वतःला त्यातलं काही बघून कसंतरी झालं, झालं तर झालं, पुढच्या बेटावर गेले.

कॉस्प्लेचं, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करण्याचं, वेगळं प्रकरण आहे. घरून ड्रेस घालून यायला परवानगी नाही, इथे येऊन चेंजिंग रूमचे पैसे भरून बदलायचं. फोटो काढायला ठरलेल्या जागा असतात, आधी विचारायचं आणि मगच काढायचा, हळूच खालून-बाजूनं काढणाऱ्यांना तिथले लोक हटकतात. मी कॉस्प्ले करत नाही पण बघायला फार मजा येते, एकजण पूर्ण पुठ्ठ्याचा रोबो होऊन आला होता, त्याला बसता येत नव्हतं म्हणून दोन मित्र त्याला स्ट्रॉनं पाणी पाजत होते.

कंपन्यांचे स्टॉल पण असतात, मोठ्या स्टुडिओंचे, तिथेच मिळणाऱ्या पिशव्या आणि टॉवेलं घ्यायला लाइनी. मला त्यात रस नाही, त्या वस्तू पुढे-मागे कुठेतरी मिळतातच.

एक शंका बऱ्याच जणांना असते, दुसऱ्याची पात्रं घेऊन पुस्तकं काढतात तर हे कायद्यात बसतं का. काटेकोर बघितलं तर बऱ्याच गोष्टी कॉपीराइटच्या नियमात बसत नाहीत, पण मूळ लेखक-प्रकाशक सहसा तक्रार करत नाहीत, कारण उद्याचे मांगा काढणारे इथूनच येतात हे त्यांना माहितीय. क्लॅम्प हा मांगा काढणाऱ्या चौघींचा ग्रुप असाच सर्कलमधून पुढे आला. म्हणजे ही सगळी दुनिया थोडी समजूतदारपणावर चाललीय आणि ती कधीही बिनसू शकते. 2012 च्या डिसेंबरात एका बास्केटबॉलच्या मांगावरून धमकीची पत्रं आली आणि त्या मांगावरच्या सर्कलना त्या वेळी टेबलंच मिळाली नाहीत, सगळी रद्द. फॅन लोक अजून तो विषय निघाला की गप्प होतात.

चारला बंद व्हायची अनाउन्समेंट होते आणि अख्खा हॉल टाळ्या वाजवतो, विकणारे, घेणारे, स्टाफ, सगळे. कुणासाठी वाजवतात विचारू नका, वाजवा. आणि लगेच दुसऱ्या मिनिटाला सगळे टेबलं घडी करायला लागतात, तेव्हा वाटेत उभे राहू नका. पुस्तकं जड झाली असतील तर तिथेच कुरिअरचे काउंटर असतात, खोका भरून घरी पाठवता येतो, पण संध्याकाळी त्याचीही लाइन लागते म्हणून तीनलाच पाठवून टाका.

उणं म्हणाल तर टेकायला जागा नाही. खुर्च्या सर्कलवाल्यांच्या, वाटेत बसू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, पण गुडघे दुखणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी, लहान मूल कडेवर असणाऱ्यांनी हा विचार आधी करा. बायकांच्या टॉयलेटची लाइन लांब असते, स्टेशनच्या आधीच उरकून या. आत फोनची रेंज एवढ्या लोकांत मेल्यासारखी होते, त्यामुळे नकाशा आणि हव्या त्या टेबलांचे नंबर कागदावर लिहून ठेवा. कागदावर, हो. पाचपैकी मी साडेचार देईन, आणि ऑगस्टला तीन.

ज्यांना गर्दी अजिबात झेपत नाही आणि मला फक्त पुस्तकं बघायचीत असं वाटतं, त्यांना एक सांगते. प्रत्येक सर्कलला नव्या पुस्तकाची एक प्रत आयोजकांकडे द्यावी लागते आणि यातली बरीच पुस्तकं मेइजी युनिव्हर्सिटीच्या योनेझावा योशिहिरो स्मृती ग्रंथालयात बघता येतात, ओचानोमिझूजवळ, 2009 पासून आहे. योनेझावा म्हणजे 1980 पासून 2006 मध्ये जाईपर्यंत ज्यांनी कॉमिकेट चालवलं ते. तिथे एसी आहे, खुर्ची आहे आणि चिटपाखरू नसतं. जुन्या पुस्तकांत बघितलं की कळतं, सुरुवातीला सगळं हातानं लिहिलेलं, स्टेपल मारलेलं.

भारतातून खास यासाठी येणार असाल तर विसा आणि रिस्टबँड दोन्हीचं आधी बघा, रिस्टबँड हातात नसताना विमानाचं तिकीट काढू नका. डिसेंबरला आलात तर पुढे 1 ते 3 जानेवारी अर्धं टोकियो बंद असतं हेही लक्षात ठेवा, हॉटेलजवळ कोम्बिनी आहे का बघून घ्या. परतीच्या बॅगेत वजन ठेवा, माथेरानचं ते पुस्तक हवं असेल तर माहिती विभागात शोधा, आजोबा दर डिसेंबरला बसतात म्हणाले.